घरचा माणूस आणि खतावणीचे पान

व्यापारातील अनुभवावर चार शब्द लिहावेत, असा आग्रह स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा धरला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभा जन्म धान्याच्या पोत्यांमध्ये घालविलेल्या माणसाने विद्वत्तेच्या विषयाला हात घालू नये, हे मी जाणतो. परंतु व्यापाराविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक उणीव मला नेहमी जाणवत आली आहे. भाव, भांडवल, उधारी, वाहतूक आणि सरकारी धोरण यांची चर्चा पुष्कळ होते. घेणारा आणि देणारा यांनी एकमेकांशी कसे वागावे, याविषयीही उपदेश कमी नाहीत. मात्र पेढीच्या आत जी चार-सहा माणसे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकमेकांच्या हाताला हात लावून राबतात, त्यांचे परस्परांशी नाते कसे असावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ते आपोआप चालते, अशी आपली समजूत असते. आज त्याच विषयावर लिहिण्याचे मी योजिले आहे.

आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत किंवा बाजार समितीच्या आवारात एका पोत्याचा प्रवास कोणीही उभे राहून पाहावा. गाडी लागते, फाळका पडतो. हमाल आकडा मारून पोते पाठीवर घेतो व थप्पीशी आणतो. गुमास्ता नमुना काढून तळहातावर पसरतो, दाणा दाताखाली धरून ओल पाहतो. तोलार पोते काट्यावर घेऊन आकडा मोठ्याने पुकारतो आणि दिवाणजी तो कागदावर उतरवितो. संध्याकाळी तोच आकडा कीर्दीत जातो आणि तेथून खतावणीत. दुसऱ्या दिवशी तेच पोते दाभण-सुतळीने पुन्हा शिवले जाते व गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत चढून चोर्ला घाट उतरते. या प्रवासात पाच-सहा माणसांचे हात लागतात, आणि त्यांतील प्रत्येकाचे काम हे दुसऱ्याच्या कामाची साक्ष असते. हमालाने मोजलेली पोती, तोलाराने पुकारलेली पोती आणि दिवाणजीने लिहिलेली पोती हे तीन आकडे जुळले, म्हणजे माल खरा.

आमच्या भागात या तिन्ही साक्षी एकाच भाषेत होत नाहीत. बैलहोंगलकडचा शेतकरी कन्नड बोलतो, चंदगडचा मराठी. हमालांच्या टोळीत ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे मोजणारे असतात, तसे पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणणारेही असतात. मालकाच्या घरी मराठी, कन्नड, गुजराती किंवा मारवाडी यांपैकी कोणतीही भाषा असू शकते. राज्यांच्या सीमेविषयी बाहेर केवढेही वाद होवोत. काट्यावरचा आकडा मात्र सर्वांना एकसारखाच ऐकू येतो. एका पेढीवर वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या दोन माणसांना एकमेकांची भाषा धड बोलता येत नाही, पण एकमेकांच्या हाताची लय नेमकी ठाऊक असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

या नात्याचा पहिला आधार म्हणजे पडताळा. कित्येकांना वाटते, की तपासणे म्हणजे अविश्वास दाखविणे. व्यापारी परंपरेचा अनुभव याच्या उलट आहे. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ साली मुंबई प्रांतात शेतमाल बाजारांचा कायदा आला, तेव्हा बेळगाव त्याच प्रांतात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६६ साली त्या राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल व तोलार परवानाधारक असावेत, हमाली-तोलाईचे दर ठरलेले असावेत, वजन उघड्यावर व्हावे, हा या व्यवस्थेचा गाभा होय. तो माणसांना चोर ठरविण्यासाठी नाही. ज्याच्या कामाचा पडताळा होतो, त्याच्यावर उद्या कोणी आळ घेऊ शकत नाही. पडताळा हा प्रामाणिक माणसाचा कैवारी आहे.

आमच्याच पेढीवरील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०१७ च्या १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बहुतेकांप्रमाणे आम्हीही संगणकावर हिशेब ठेवू लागलो व त्यासाठी एक पदवीधर मुलगी कामावर आली. आमचे वृद्ध दिवाणजी चाळीस वर्षे कीर्द लिहीत आलेले. प्रारंभी दोघांत फारसे बोलणे नव्हते. तिला त्यांचे अक्षर लागत नसे आणि त्यांना तिचे यंत्र. अशात कलबुर्गीकडून आलेल्या तुरीच्या दोनशे पोत्यांचा हिशेब लागेना. संगणकातील शिलकेपेक्षा प्रत्यक्षात ब्याण्णव किलो तूर कमी भरली. गुदामात वावर हमालांचा. तेव्हा शंकेची बोटे टोळीकडे वळू लागली. गुमास्त्याने तर मुकादमाला बोलावणे धाडण्याची तयारी केली.

दिवाणजींनी त्याला थांबविले. मुलीला म्हणाले, “पोरी, आधी एक रिकामं पोतं काट्यावर टाक. माणसाला मागनं बोलावू.” तिने टाकले. तागाचे रिकामे पोते पाचशे ऐंशी ग्रॅम भरले. मग दिवाणजींनी विचारले, “तुझ्या यंत्रात बारदान किती धरलंय?” तिने पाहिले, तो तेथे एकशे वीस ग्रॅम. आमच्याकडे बराचसा माल प्लास्टिकच्या पोत्यांतून येतो, म्हणून संगणक बसविणाऱ्याने तेच वजन कायमचे भरून ठेवले होते. ही तूर मात्र तागाच्या पोत्यांतून आली होती. पोत्यामागे चारशे साठ ग्रॅम, म्हणजे दोनशे पोत्यांवर बरोबर ब्याण्णव किलो. “काका, म्हणजे तूर कुठंच गेली नाही, ती मुळात आलीच नव्हती,” असे ती म्हणाली आणि त्या दिवसापासून बारदानाच्या वजनाचा रकाना आवक पाहून भरू लागली. पुढे दिवाणजींनी तिच्याकडून विवरणपत्रे कशी भरतात ते समजून घेतले आणि तिने त्यांच्याकडून जुन्या खात्यांची कुळे. या प्रसंगात जर आधी मुकादमाला बोलावले गेले असते, तर हिशेब सायंकाळपर्यंत लागला असता. पण टोळीचे मन दहा वर्षांत लागले नसते.

हमालांच्या टोळीकडून आपण व्यापाऱ्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या पेठेत मी पाहत आलो आहे, की दिवसभराची हमाली संध्याकाळी मुकादमापाशी जमते व तेथे तिची वाटणी होते. टोळीतला वयस्क माणूस पाठीवर पोते घेत नाही. तो पोती शिवतो, सांडलेले धान्य झाडून गोळा करतो, गाडीवरची मोजणी राखतो. वाटणीत त्याचा हिस्सा तरुणाइतकाच असतो. त्याने तरुणपणी वाहिलेली ओझी टोळीच्या स्मरणात असतात, आणि आज जो तरुण आहे त्यालाही उद्या शिवणीलाच बसावयाचे आहे, हे सर्वांना माहीत असते. कागदावर कोठेही लिहिलेला नसलेला हा करार भागीदारीच्या कित्येक नोंदणीकृत करारांपेक्षा अधिक टिकतो.

या टोळीशी पेढीचे नाते कसे असावे, यासाठी आपल्याला दूर जावयास नको. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी मिळू न देणे. लहानपणी घरची वडीलधारी मंडळी हे आम्हांला गाडीच्या बैलांवरून समजावून देत. मात्र त्याच काळात पेढीवर शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर सर्रास चढत असे आणि त्याचा अतिचाराशी संबंध जोडण्याचे कोणाच्या मनात येत नसे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली, प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो असावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे धान्याच्या पेठांत पन्नास किलोचे पोते रुळावयास त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. आणि ते रुळले, तेव्हाही काही ठिकाणी पोत्यामागची हमाली निम्मी करण्याचा हिशेब मांडला गेला. कागदावर तो हिशेब बरोबर दिसतो. पण तेवढ्याच मालासाठी हमालाला फळीवरून दुप्पट फेऱ्या घालाव्या लागतात, हे कागदावर दिसत नाही. हा दर ठरविताना ज्यांनी टोळीला समोर बसवून बोलणे केले, त्यांच्याकडे तंटा झाला नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कायद्याचे रूप मिळाले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा संमत झाला. या कायद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. मालक आणि कामगार या दोघांचीही मंडळाकडे नोंद होते. मालकाने मजुरी व तीवर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने कामगाराला मजुरी देऊन भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार यांची तजवीज करावयाची. एका दिवसात दहा दुकानांचा माल उतरविणाऱ्या माणसाचा मालक कोण, या जुन्या प्रश्नाला या योजनेने उत्तर दिले. व्यापाऱ्यांना आरंभी हा जाच वाटला, हे खरे आहे, आणि त्याच्या अंमलाविषयीच्या तक्रारी पुढेही ऐकू येत राहिल्या. तथापि हमालाच्या म्हातारपणाचा विचार प्रथम आपण केला नाही म्हणून तो सरकारला करावा लागला, हेही तितकेच खरे आहे. पुण्याच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त भोजनाचे केंद्र चालविले, तेव्हा अन्नपाननिरोधाचा अर्थ आपल्यापेक्षा त्यांनी अधिक नेमका ओळखला, असे म्हणावे लागते. हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. कोल्हापूर-सांगलीपर्यंत येतो आणि सीमेशी थांबतो. सीमेच्या अलीकडे आमच्यासारख्यांना आपल्या बुद्धीनेच वागावे लागते.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. हमालांची निदान संघटना असते. पेढीच्या आत बसणाऱ्या दिवाणजीची आणि गुमास्त्याची ती नसते. त्यांच्याविषयी आपण सर्वजण एक शब्द मोठ्या प्रेमाने वापरतो : ‘आमच्या घरचाच माणूस.’ शब्द चांगला आहे व पुष्कळदा तो खऱ्या मायेने उच्चारलेला असतो. मालकाच्या घरच्या लग्नात दिवाणजी अक्षता वाटतो, त्याच्या मुलीच्या लग्नात मालक उभा राहतो, दुखण्याखुपण्यात दवाखान्याचे बिल भागविले जाते. परंतु या शब्दाच्या सावलीत एक विचित्र गोष्ट घडते. घरचा म्हणून तो रजेचा, वाढीचा, निवृत्तीच्या रकमेचा विषय तोंडातून काढू शकत नाही. आणि खराच घरचा नसल्यामुळे पेढीत त्याला वाटाही मिळत नाही. नोकराचे हक्क आणि घरच्याचा हिस्सा, या दोहोंच्या मधल्या जागेत तो आयुष्य काढतो.

एका पेढीवरील गोष्ट मला जवळून ठाऊक आहे. नावागावाची आवश्यकता नाही. तेथील दिवाणजींनी पस्तीस वर्षे सेवा केली. थोरल्या मालकांचा त्यांच्यावर इतका विश्वास, की तिजोरीची किल्ली दोघांकडे असे. “तुमची काळजी आम्हांला,” असे ते चारचौघांत म्हणत, आणि तसे मनापासून म्हणत. पुढे ते अकस्मात निवर्तले. मुलांनी कारभार हाती घेतला. ती शिकलेली, सज्जन, पण त्यांनी वह्या चाळल्या तेव्हा दिवाणजींच्या नावे एक जुनी उचल निघाली. देण्याची बाजू मात्र कोठेही लिहिलेली नव्हती. वर्षभराने दिवाणजी शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले. मुलांनी काही लबाडी केली असे मी म्हणणार नाही; त्यांनी वहीत होते तेवढे मानले. वडिलांनी जे बोलले, ते वडिलांबरोबर गेले. पस्तीस वर्षे दुसऱ्यांची पै-पै लिहून ठेवणाऱ्या माणसाचे स्वतःचे येणे कोणीच लिहिले नाही, आणि संकोचापायी त्यानेही ते लिहिले नाही.

कायदा येथे फारसा कामी येत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षे सलग सेवा केलेल्या नोकरास दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देण्याचे सूत्र घालून दिले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते सूत्र राहिले. परंतु दुकान त्याच्या कक्षेत येण्यासाठी तेथे दहा माणसे असावी लागतात. आपल्यातील बहुतेक पेढ्यांवर चार किंवा सहा माणसे असतात. म्हणजे कायद्याने आपल्याला मोकळे सोडले आहे. आपण आपल्यालाच मोकळे सोडावे काय, एवढाच प्रश्न उरतो.

हिशेब करून पाहू. पंधरा हजार रुपये महिना वेतन असेल, तर सव्वीस दिवसांचा महिना धरून पंधरा दिवसांचे वेतन सुमारे ८,६५४ रुपये होते. तीस वर्षांच्या सेवेचे २,५९,६१५ रुपये होतात. एकरकमी ऐकताना लहान पेढीच्या मालकाच्या छातीत धडकी भरेल. परंतु वर्षाचे ८,६५४ म्हणजे महिन्याचे साधारण ७२१ रुपये. एका गाडीच्या भाड्यात होणाऱ्या घासाघिशीत याहून अधिक रक्कम आपण सोडून देतो. वेतन वाढेल त्याप्रमाणे ही रक्कम वाढवीत न्यावी आणि ती पेढीच्या उलाढालीत न ठेवता त्या माणसाच्या नावे बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. कारण मंदीत प्रथम हात पडतो तो अशाच रकमेवर.

कोणी म्हणेल, की असे सर्व लिहून ठेवल्याने माया आटते, नाते व्यवहारी होते. मला तसे वाटत नाही. सख्ख्या भावांची भागीदारी आपण कागदावर आणतो. मामाला दिलेली रक्कमही नावे टाकतो, आणि तरी मामा मामाच राहतो. व्यापाऱ्याच्या घरात माया आणि नोंद या दोन गोष्टी पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. फक्त ज्याच्या हातात लेखणी दिली, त्याच्याच बाबतीत आपण नोंदीचा कंटाळा केला.

हे नाते एकतर्फी नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. हंगामाच्या ऐन भरात न सांगता गैरहजर राहणारा गुमास्ता, उचल घेऊन दुसऱ्या पेढीवर जाणारा नोकर, एका ग्राहकाचा भाव दुसऱ्याच्या कानी घालणारा माणूस हे सर्व आपण पाहिले आहेत. त्यांच्यामुळे शेजारी काम करणाऱ्या प्रामाणिक माणसाचेच काम वाढते आणि नावही खराब होते. म्हणून जे लिहावयाचे, ते दोन्ही बाजूंचे लिहावे : वेतन किती, वाढ केव्हा, रजा किती, उचल कशी फेडावयाची, सोडून जावयाचे तर किती दिवस आधी सांगावयाचे, आणि निवृत्तीला काय मिळावयाचे. एका पानात मावेल इतकेच ते आहे.

आजची परिस्थिती या गोष्टीला अधिक निकडीची करते. हमालाचा मुलगा हमाल होऊ इच्छीत नाही, दिवाणजीचा मुलगा पेढीची पायरी चढत नाही, आणि आपली स्वतःची मुलेही पुण्या-बंगळुरूकडे पाहतात. जी थोडी माणसे पेठेत उरली आहेत, ती सवयीने उरली आहेत. उद्याची माणसे सवयीने येणार नाहीत. एखादा तरुण आपल्याकडे कामाला यावा असे वाटत असेल, तर तो प्रथम आपल्याकडे म्हातारा झालेल्या माणसाकडे पाहील, त्याचे काय झाले ते विचारील आणि मगच उत्तर देईल.

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी आपण नव्या वहीवर श्रीकार लिहितो व कुळांची खाती नव्या पानांवर ओढतो. संगणक आला तरी ही चाल पुष्कळ पेढ्यांवर आजही आहे. त्याच दिवशी पेढीवरील प्रत्येक माणसाच्या नावे एक पान उघडावे, वर सांगितलेल्या बाबी त्यावर लिहाव्यात, मालकाने व त्या माणसाने सही करावी आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी जावी, अशी माझी सूचना आहे. आपल्या असोसिएशनने अशा पानाचा एक नमुना मराठीत व कन्नडमध्ये छापून सभासदांना दिला, तर काम अधिक सोपे होईल. आमच्या पेढीवर ही पाने तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. पहिल्या वर्षी दिवाणजी स्वतःचे पान लिहावयास तयार होईनात; अखेर संगणकावर बसणाऱ्या त्या मुलीने ते लिहिले, आणि दिवाणजींनी चष्मा पुसून, आकडे दोनदा तपासून, खाली सही केली.